डोळे नाहीत, कान नाहीत, तरी निमॅटोडला मुळी सापडते कशी?

मे महिन्यात सांगोल्याकडं मामांच्या बागेत गेलो होतो. दोन वर्षांची डाळिंबाची झाडं, पाणी वेळेवर, खत वेळेवर, तरी एका कोपऱ्यातली पंधरा-वीस झाडं दुपार झाली की मान टाकायची, संध्याकाळी परत जरा तरतरीत व्हायची आणि पानांवर पिवळट कळा आलेली. मामांचं म्हणणं ड्रिपर तुंबलेत. मी म्हटलं मामा, एक मुळी उकरून बघू का. खुरप्यानं ड्रिपरखालची चार बोटं माती सारली, बारीक मुळ्यांचा एक झुबका अलगद कापून घेतला, बादलीतल्या पाण्यात न चोळता नुसता हलवला आणि वर काढला, तर मुळी कसली, रुद्राक्षाची माळ दिसत होती. गाठीला गाठ लागून.

मामा चक्क खूश झाले. "आरं, ह्या तर नत्राच्या गाठी, हरभऱ्याला असत्यात तशा."

नाही ना. नत्राच्या गाठी कडधान्याला येतात, त्या मुळीला बाजूनं चिकटवल्यासारख्या असतात, नखानं ढकललं की सुटतात आणि ताजी गाठ फोडली तर आत गुलाबी. ह्या गाठी मुळीच्या अंगातूनच फुगलेल्या, काढायला गेलं की मुळीच तुटते. हा सूत्रकृमी, म्हणजे सगळे शेतकरी ज्याला निमॅटोड म्हणतात तो. हे ऐकून मामांचा चेहरा उतरला आणि मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. म्हणाले, "ह्या रानात आजवर नुसती ज्वारी पेरली. डाळिंब पहिल्यांदाच. मग ह्याला कळलं कसं रं, हितं डाळिंब आलंय म्हणून?"

ह्यात खरं तर दोन प्रश्न आहेत. तो रानात आला कुठून हा एक, त्याच्याकडं नंतर येतो. दुसरा म्हणजे आल्यावर त्या मातीच्या काळोखात त्याला मुळी सापडते कशी, आणि ह्याच्यावर जगभरातले लोक शंभर वर्षं डोकं लावून बसलेत. त्यातलं जे मला समजलंय ते लिहितो.

आधी हा प्राणी कोण ते बघू. मुळांवर गाठी आणणाऱ्या जातींपैकी आपल्याकडं सगळ्यात जास्त भेटणारी एक म्हणजे मेलॉइडोगायने इन्कॉग्निटा. इन्कॉग्निटा म्हणजे लॅटिनमध्ये अनोळखी, आणि डोळ्याला न दिसणाऱ्याला ह्याहून चांगलं नाव मिळालं नसतं. हिची मादी गाठीत बसून जेलीसारख्या पुंजक्यात तीनशे-चारशे अंडी सहज घालते, नराची गरजही लागत नाही. अळी अंड्यातच पहिली कात टाकते आणि बाहेर पडते ती दुसऱ्या अवस्थेत, लॅबवाले तिला जे-टू म्हणतात. लांबी साधारण 0.4 मिलिमीटर, जाडी 15 मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे आपल्या केसाच्या पाचव्या हिश्श्याएवढी. मुळीत शिरायचं काम ही एकच अवस्था करते. तोंडात इंजेक्शनसारखी पोकळ सुई असते पण ती मुळीत शिरेपर्यंत हिला काही खाता येत नाही. अंड्यातून निघताना अंगात जी चरबी भरून आणलेली असते तेवढीच शिदोरी, ती संपायच्या आत मुळी गाठली तर ठीक, नाहीतर खेळ खलास. त्यामुळं उगाच इकडं तिकडं भटकणं हिला परवडत नाही. पत्ता बरोबर पाहिजे.

आणि प्रवास तरी कसला, मातीच्या कणांभोवती पाण्याचा जो पातळ पापुद्रा असतो त्यात वळवळत सरकायचं. डोळे नाहीत, कान नाहीत. आहे काय, तर तोंडाच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक खड्डे. ह्यांना अँफिड म्हणतात, पिकावरचा मावा असतो त्याच्या इंग्रजी नावासारखंच ऐकू येतं पण त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही. त्या खड्ड्यांत मज्जातंतूंची टोकं उघडी पडलेली असतात आणि मातीतल्या पाण्यात, हवेत जे काही विरघळलेलं आहे ते त्यांना लागतं. नाक म्हणा, जीभ म्हणा, दोन्ही तेच.

हे नाक चालतं कसं ह्याची बरीचशी माहिती एका वेगळ्याच सूत्रकृमीकडून आली, जो कुणाच्या पिकाला काही करत नाही, कुजक्या पाल्यापाचोळ्यात बॅक्टेरिया खाऊन जगतो. सी. एलेगन्स. सिडनी ब्रेनर ह्या शास्त्रज्ञानं 1960 च्या दशकात तो अभ्यासासाठी निवडला आणि त्याच्यावर इतकं काम झालं की त्याच्या अंगात सगळ्या मिळून 302 मज्जापेशी आहेत, कुठली कुठं जोडलीय, कुठली कशाला भुलते, हे सगळं कागदावर आहे. मग दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या टीमनं साधा विचार केला, की एलेगन्सला वास घ्यायला जे जीन लागतात तेच आपल्या गाठीवाल्या निमॅटोडमध्ये सापडतात का बघू, आणि सापडले तर गप्प करून बघू. सापडले. टॅक्स-2, टॅक्स-4, ओडीआर-1, ओडीआर-3 अशी त्यांची नावं आहेत, नावांत अडकू नका. अळ्या एका खास आरएनएच्या द्रावणात भिजवल्या की ठरावीक जीनचा आवाज बंद होतो, असा आवाज बंद केलेल्या अळ्या मुळीच्या स्रावाकडं नीट जाईनात, मुळी शोधण्यात मार खाऊ लागल्या. 2019 मध्ये हे काम छापून आलं. म्हणजे सोप्या भाषेत, नाक चोंदलं की निमॅटोड वाट चुकतो, हे आपल्याच देशात दाखवून झालंय.

आता नाक आहे, पण वास कशाचा?

सगळ्यात लांबून येणारी खूण म्हणजे मुळीचा श्वास. मुळी पण श्वास घेते, कार्बन डायऑक्साइड सोडते, तो मातीच्या पोकळ्यांतून पसरतो आणि त्याचा चढता भाव पकडत अळी मुळीकडं सरकते, हे 1980 च्या दशकात अमेरिकेत जॉर्जिया टेकच्या डेव्हिड ड्युसेनबेरी ह्यांच्या लॅबमध्ये मोजून झालं. पण गंमत अशी की मातीत श्वास सगळेच घेतात, शेणखत कुजतंय तेही कार्बन डायऑक्साइड सोडतंय, बुरशी सोडतेय, गांडूळ सोडतंय. लांबून धूर दिसला म्हणजे कुठंतरी चूल पेटलीय एवढंच कळतं, चुलीवर काय शिजतंय ते नाही कळत. त्याच लॅबमधून अजून एक भन्नाट गोष्ट निघाली, ह्या अळीला तापमानातला फरक इतका बारीक कळतो की एका सेंटिमीटरमागं एक अंशाच्या हजाराव्या हिश्श्याहून कमी फरक असला तरी ती त्या दिशेला वळते. आपल्याकडं ताप मोजायचा थर्मामीटर दशांश दाखवतो. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक वाटली होती.

जरा जवळ आलं की मग त्या त्या पिकाचे वास लागतात. केनियात नैरोबीला इसिपे नावाची संस्था आहे, कीटकांवर काम करणारी, तिथल्या लोकांनी मिरचीच्या वेगवेगळ्या जाती घेतल्या आणि मुळांभोवतीची हवा ओढून त्यात कुठकुठले वास आहेत ते वेगळे केले. मग मध्ये वाळू, वाळूत अळ्या, एका बाजूला हा वास आणि दुसऱ्या बाजूला दुसरा, काही तासांनी कुठल्या बाजूच्या वाळूत किती अळ्या गेल्या ते मायक्रोस्कोपखाली मोजायचं. मोजायचं म्हणजे एकेक मोजायचं हो, मान मोडेपर्यंत. 2017 मध्ये हे काम आलं. अळ्यांना ओढणाऱ्या वासांमध्ये एक निघाला मिथाइल सॅलिसिलेट. हा वास तुम्हाला पाठ आहे, कंबर धरली की जे मलम चोळतो त्याचा तो झणझणीत वास, तोच. आणि ज्या जातीकडं अळ्या जायला नाखूश होत्या तिच्या मुळांत सापडलं थायमॉल, म्हणजे आपल्या ओव्याचा वास ज्याच्यामुळं येतो ते. लगेच ओव्याचा अर्क ड्रिपमधून सोडायला जाऊ नका, नळीभर वाळूतली गोष्ट आणि एकरभर रान ह्यात फार अंतर आहे. पण एकाच पिकाच्या दोन जातींमध्ये सुद्धा हा फरक पडतो, आणि तो वासामुळं पडतो, हे मला जबरदस्त वाटलं. त्याच लोकांनी पुढच्या वर्षी टोमॅटो आणि पालक शेजारी ठेवून बघितलं, अळीची पसंती टोमॅटोला.

अजून जवळ, म्हणजे मुळीच्या अगदी अंगाशी आलं की मग हवेतले वास मागं पडतात आणि पाण्यात विरघळलेल्या गोष्टी पुढं येतात. मुळी जमिनीत नुसती बसून नसते, ती सतत पाझरत असते. पानांनी उन्हात बनवलेल्या साखरेतला चांगला वाटा मुळीवाटे मातीत सोडला जातो, साखरा, आम्लं, अमिनो आम्लं, एक बुळबुळीत चिकट पदार्थ आणि शेकडो लहानमोठी रसायनं. जास्त पाझर टोकाच्या बाजूला, आणि अळी शिरते पण तिथंच, टोकाच्या जरा मागं.

हे डोळ्यांनी बघायची एक फार सुंदर युक्ती आहे. माती पारदर्शक नाही हा मोठा घोळ, लॅबमधल्या नेहमीच्या जेलीवर, म्हणजे आगरवर ठेवलं तर अळ्या नीट वागत नाहीत. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात व्हॅलेरी विल्यमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लूरॉनिक नावाचा जेल वापरला. हा जेल उलट्या खोपडीचा, थंड असला की पाणी आणि खोलीच्या तापमानाला आला की घट्ट. म्हणजे थंड असताना त्यात हजारभर अळ्या मिसळायच्या, काचेच्या बशीत टोमॅटोचं कोवळं रोप ठेवायचं, वर हे ओतायचं, थोड्या वेळात सगळं काचेसारखं जमून जातं आणि अळ्या त्यातून सगळ्या दिशांनी फिरू शकतात. आधी सगळीकडं सारख्या विखुरलेल्या. मग हळूहळू मुळीच्या टोकाभोवती धुकं जमल्यासारखं दिसायला लागतं आणि काही तासांत त्या टोकाला अळ्यांची अक्षरशः जत्रा. ह्याच जेलमध्ये त्यांनी पीएचचा उतार तयार करून बघितला तर अळ्या 4.5 ते 5.4 च्या पट्ट्यात गोळा झाल्या, म्हणजे जरा आंबटसर जागी. आणि वाढतं मूळ आपल्या टोकाजवळची जागा आंबटच करत असतं. 2009 चं काम आहे हे.

त्याच गटानं नंतर आणखी एक प्रयोग केला तो इथिलीनचा. इथिलीन म्हणजे केळी पिकवायच्या खोलीत जो गॅस सोडतात तो, झाडं तो स्वतःच बनवतात आणि जखम, कीड, ताण असं काही झालं की एकमेकांना नाही तर स्वतःच्याच अंगाला त्यानं सावध करतात. ज्या रोपांना इथिलीनचा निरोप कळतच नाही अशी रोपं ठेवली तर अळ्या जास्त आल्या, ज्यांच्यात इथिलीन जादा बनतं त्यांच्याकडं कमी. झाड सावध झालं की त्याचा वासच बदलतो, असा त्याचा अर्थ.

आता जवसाची गोष्ट, मला सगळ्यात जास्त आवडते ती. जपानमध्ये कुमामोतो विद्यापीठात लोकांनी बघितलं की अळ्या मुळीकडं तर जातातच पण काही बियांकडं सुद्धा धावतात, जिथं अजून मुळी फुटलेली पण नाही. कुठल्या बिया, तर भिजवल्या की बुळबुळीत होणाऱ्या. आमच्या आजीकडं जवस भिजवलं की वाटीत जो चिकट गर सुटायचा, चमच्याला तार धरायची, तोच तो पदार्थ. त्यात एक लांबलचक साखरेची साखळी असते, तिला बाजूनं एल-गॅलॅक्टोज नावाच्या एका साखरेची शेपटी लावलेली असते, आणि अळीला ओढण्यात ह्या शेपटीचा हात आहे हे त्यांनी 2021 मध्ये दाखवलं. एवढ्या मोठ्या साखळीत ती एक बारीक शेपटी! विदर्भात जवस पेरणाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही, बशीतली ओढ म्हणजे रानातला रोग नव्हे. पण ह्यातून एक दार उघडतं. अळी येते ती ह्या चिकट पदार्थाच्या मागं, आत खरंच मुळी आहे का नाही हे तिला कळत नाही, म्हणजे तिला फसवता येतं.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की मग मूळ हे सगळं सोडतंच कशाला, गप्प बसलं असतं तर. तेच तर. गप्प बसून त्याला चालत नाही. ज्वारीवाल्यांना टारफुला माहीत असेल, ते तण जे ज्वारीच्या मुळीला चिकटून सगळा रस ओढतं. त्याचं बी वर्षानुवर्षं मातीत पडून असतं आणि ज्वारीच्या मुळीतून स्ट्रायगोलॅक्टोन नावाचं रसायन आलं की मगच उगवतं. आता ज्वारी हे रसायन टारफुल्याला आवतण द्यायला थोडीच सोडते, ती सोडते मायकोरायझा बुरशीसाठी, जी तिला स्फुरद आणून देते. हाक मित्राला मारली, ऐकली चोरानं. स्राव बंद केला तर चोर येणार नाही हे खरं पण मित्रही येणार नाही आणि पीक उपाशी. त्यामुळं ह्या सगळ्या संशोधनाचा मला कळलेला गाभा एवढाच, की मुळीला गप्प करायचं नाही, चोराच्या कानात बोळे घालायचे.

चोरही दोन प्रकारचे. गाठीवाल्या निमॅटोडला हजारो प्रकारच्या वनस्पती चालतात, टोमॅटो, वांगं, भेंडी, डाळिंब, पेरू, हळद, काय वाट्टेल ते, त्यामुळं तो अंड्यात बसून कुणाची वाट बघत नाही, ऊब आणि ओल मिळाली की बाहेर. पण बटाट्याचा सिस्ट निमॅटोड आहे, त्याला बटाटा आणि त्याच्या जवळच्या भावकीशिवाय काही चालत नाही. आता तो उगाच बाहेर आला आणि रानात गहू असला तर मेला. म्हणून त्याची मादी मरताना स्वतःच्या कातडीचंच एक कडक गोल डबडं करते, तेच सिस्ट, आत शेकडो अंडी, आणि ते डबडं वीस-वीस वर्षं मातीत पडून राहतं. बटाट्याच्या मुळीचा विशिष्ट निरोप आल्याशिवाय बहुतेक अंडी हलत नाहीत. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरातला, बटाट्यासोबत जगभर गेला आणि भारतात 1961 मध्ये निलगिरीत सापडला.

तो निरोप म्हणजे नेमकं कुठलं रसायन, ही जी शोधाशोध झाली ती एखाद्या रहस्यकथेसारखी आहे. मुळीच्या पाझरानं अंडी फुटतात हे 1922 मध्येच जर्मनीत बाउनाके ह्यांनी बीटच्या निमॅटोडवर दाखवलेलं. मग अलेक्झांडर टॉड, ज्यांना पुढं 1957 मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी 1940 च्या दशकात सहकाऱ्यांबरोबर बटाट्याचा तो पदार्थ शुद्ध करायला घेतला आणि त्यांच्याही हाताला लागला नाही. कारण मुळी तो सोडते इतका कमी की बस. जपानमध्ये होक्काइदोला मासामुने ह्यांच्या गटानं सोयाबीनच्या सिस्ट निमॅटोडसाठी हेच काम हातात घेतलं, घेवड्याची मुळं गोळा केली, वाळवली, साधारण एक टन वाळलेली मुळं, आणि सगळं गाळून आटवून शेवटी हातात आलं मिलिग्रॅमभर. एक टन मुळं आणि साखरेच्या दोन-चार दाण्यांएवढा माल! पण तेवढ्यावरून त्यांनी त्याची रचना सांगितली, नाव दिलं ग्लायसिनोएक्लेपिन, साल 1982. बटाट्याच्या निरोपाची म्हणजे सोलॅनोएक्लेपिन ए ची रचना समजायला 1990 चं दशक संपायला आलं, आणि लॅबमध्ये तो पहिल्यापासून बनवता आला 2011 मध्ये, तेही होक्काइदोतच. त्याच्यात तीन, चार, पाच, सहा आणि सात कोनांची कडी एकमेकांत अडकवलेली आहेत, रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाला विचारा हे बनवणं काय प्रकार असेल.

आणि हा निरोप मिळाल्यावर अंड्यात काय होतं? अळी अंड्यात ट्रेहॅलोज नावाच्या साखरेच्या पाकात बसलेली असते. पाकातल्या मोरावळ्यासारखी, पाणी कमी, म्हणून सुस्त आणि टिकाऊ. निरोप आला की अंड्याच्या कवचाचा आतला थर सैल होतो, साखर बाहेर गळते, पाणी आत येतं, अळी फुगते, जागी होते आणि तोंडातल्या सुईनं कवचाला भोकं पाडत बाहेर निघते. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडला ह्याच्यावर खूप काम झालंय.

कथेला कलाटणी 2023 मध्ये. कोबे विद्यापीठाच्या लोकांनी बटाटा आणि टोमॅटोची मुळं जंतूविरहित द्रावणात वाढवली, तर सोलॅनोएक्लेपिन ए नाही, त्याचा भाऊ सोलॅनोएक्लेपिन बी सापडला. म्हणजे झाड सोडतं 'बी' प्रकार, मातीतले सूक्ष्मजीव त्याला बदलून 'ए' करतात. चिठ्ठी झाडानं लिहिली आणि मधल्या पोस्टमननं त्यात दोन शब्द बदलले, असा कारभार. शिवाय टोमॅटोमध्ये हे बनवणारे जीन त्यांना सापडले, आणि ते बंद केले की मुळीच्या पाझराची अंडी फोडायची ताकद खूप घटली. ह्याच्यासाठीच मी म्हणतो की निर्जंतुक बशीतल्या निकालावरून रानातलं काही ठरवताना हात राखून बोलावं, रानात मधे हे पोस्टमन असतात.

बरं, ऐकायचं काम एकट्या निमॅटोडचं नाही. निमॅटोड एकमेकांशी बोलायला अस्कारोसाइड नावाची रसायनं सोडतात, आणि अमेरिकेत कॉर्नेलच्या आवारातल्या बॉइस थॉम्प्सन इन्स्टिट्यूटमध्ये 2015 मध्ये दिसलं की झाडांना ती ओळखू येतात. त्यातलं एक, अस्कर-18, नुसतं शिंपडलं तरी टोमॅटो, बटाटा, बार्ली अशी पिकं कंबर कसून तयार होतात, जसं गल्लीत अनोळखी पावलं वाजली की कुत्रं कान टवकारतं. 2020 मध्ये त्याच लोकांनी ह्याच्या पुढचं दाखवलं, झाड हे रसायन आत घेतं, त्याची शेपटी छाटून अस्कर-9 करतं आणि बाहेर सोडतं, आणि ह्या मिश्रणानं निमॅटोड मागं फिरतात. त्यांचीच पाटी उचलायची, त्यावर 'जागा भरली आहे' लिहायचं आणि परत दाराला लावायची.

मामांना मी हे सगळं नाही सांगितलं, त्यांनी खुरपं फेकून मारलं असतं. त्यांना दोन गोष्टी पाहिजे होत्या, ह्याचा उपयोग काय आणि आता मी करू काय.

उपयोग होतोय, हळूहळू. युरोपात बटाट्याच्या रानात एक काटेरी रिंगणीसारखं झाड लावतात, सोलॅनम सिसिम्ब्रिफोलियम, त्याच्या मुळीच्या निरोपानं सिस्टमधली अंडी फुटतात, अळ्या बाहेर येतात, पण त्या झाडावर त्यांची पुढची पिढी होत नाही. खोटं आवतण. आणि आपला झेंडू. सगळे सांगतात झेंडूच्या वासानं निमॅटोड पळतो, तसं नाहीये, अळी झेंडूच्या मुळीत शिरते सुद्धा, पण आत अल्फा-टरथाएनिल नावाचं जहर बनतं, हॉलंडमध्ये 1950 च्या दशकातच ते ओळखलं गेलं, आणि तिथं तिची वाढच होत नाही. म्हणून बांधावर चार झेंडू लावून फोटो काढण्यानं काही होत नाही, दाट लावावा लागतो, दोन-अडीच महिने उभा ठेवावा लागतो, म्हणजे अळ्या त्याच्या मुळीत जाऊन फसतात. दसऱ्याला फुलं विकायची आणि मुळी जमिनीत काम करत राहू द्यायची.

प्रतिकारक जाती असतात ना, टोमॅटोत एमआय नावाचा जीन असलेल्या, त्या अळीला येण्यापासून थांबवत नाहीत, अळी येते, शिरते, आणि मग आतल्या पेशी स्वतःला मारून घेतात म्हणजे तिला घास मिळत नाही. आणि जमीन 28 अंशांच्या वर तापली की हा जीन ढेपाळतो. सोलापूर जिल्ह्यात मे महिन्यात जमीन 28 ला थांबेल? म्हणून तर अळी येतानाच तिची वाट चुकवता आली तर बरं, ह्याच्यामागं लोक लागलेत.

करायचं काय, तर आधी कुठं कुठं आहे ते बघायचं. त्याला मशीन नाही लागत. मामांना म्हटलं प्रत्येक ठिकाणची माती एकेका चहाच्या कपात भरा, कपाला खाली भोक पाडा, प्रत्येकात टोमॅटोचं एकेक रोप लावा, टोमॅटो म्हणजे ह्याचं लाडकं खाद्य, माती ओलसर ठेवा आणि सहा आठवड्यांनी उपटून मुळ्या धुवून बघा. रोपं मात्र स्वतः कोकोपीटमध्ये बी टाकून केलेली पाहिजेत, नाहीतर रोपासोबतच पाहुणा यायचा. मामींनी चहाचे कागदी कप जमा केले, मामांनी पेनानं वर लिहिलं, वरचा तुकडा, ओढ्याकडंचा, कोपरा, विहिरीजवळ वगैरे. सहावा कप मी भरायला लावला. ज्या नर्सरीतून रोपं आणली, तिचं नाव घेत नाही, तिथून मागच्या वर्षी नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागा, भरायला जादा आणलेली दोन रोपं अजून काळ्या पिशवीतच विहिरीच्या कठड्याला टेकून होती, रानातल्या मातीला न लागलेली. त्या पिशवीतली माती.

जुलैत मामांचा व्हॉट्सअपवर फोटो आला. ताटात सहा रोपं ओळीनं, मुळ्या धुतलेल्या. ओढ्याकडंचं स्वच्छ पांढरं. कोपऱ्यातल्याला गाठी, ते अपेक्षितच होतं. आणि पिशवीतल्या मातीच्या रोपाला तर मुळीच दिसत नव्हती, नुसत्या गाठी. खाली व्हॉइस मेसेज, सहा सेकंदांचा, "कळलं रं बाबा ह्याला कसं कळलं ते. मीच टेम्पोत घालून आणलंय, भाडं देऊन."